पेवातला बेडूक

कुंभार पिंपळगावात अजमत पिंजाऱ्याकडं लोक दोनच कामांसाठी येत. एक तर गादी भरून घ्यायला, आणि दुसरं म्हणजे काल जत्रेत तमाशा कसा झाला ते विचारायला. दुसऱ्या कामाला गिऱ्हाइकं जास्त असत. जत्रेची रात्र सरली की सकाळी त्याच्या ओट्यावर चार-सहा माणसं येऊन टेकायची आणि अजमत कापसाच्या ढिगात बसून, भुवयांवरचा कापूस मनगटानं पुसत निकाल द्यायचा. ढोलकी बरी होती, गवळण लांबली, राजा झालेल्याला राजासारखं उभं राहता येत न्हाई. पण त्याचा खरा जीव बतावणीत. वग सुरू व्हायच्या आधी सोंगाड्या आणि सरदार समोरासमोर उभे राहतात, सरदार विचारतो, सोंगाड्या वाकडी उत्तरं देतो आणि माणसं पोट धरधरून हसतात, तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासासाठी अजमत दहा कोस चालत जाई.

जायला त्याला निमित्तही होतं. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकलीसारखी पिंजण टाकून गावोगाव फिरायचं हा त्याचा धंदाच. हिवाळ्याच्या तोंडाला तो कधी बदनापूरकडं असे, कधी राजूरकडं. पण कुठल्या गावी कधी जायचं हे तो थंडी बघून ठरवत नसे, फड कुठं लागलाय ते विचारून ठरवी. बायको हसीना म्हणायची, "लोकांचे मालक कापूस बघून गाव धरतात, आमचे ढोलकी ऐकून."

त्यातही एक माणूस त्याला सगळ्यांहून जवळचा होता. भुजंगा सोंगाड्या. उंच, काटकुळा, मान बगळ्यासारखी, आणि गळ्याची घाटी अशी मोठी की तो आवंढा गिळला तरी शेवटच्या रांगेला दिसे. निजामाच्या राज्यात एका चैत्री जत्रेला भुजंगा पहिल्यांदा या गावात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बिऱ्हाडाची फाटकी गादी घेऊन अजमतकडं गेला तेव्हा अजमतनं गादी बघायच्या आधी त्याला बघितलं.

"रात्री तूच व्हतास ना?"

"व्हय."

"तू तीनदा पडलास. पहिल्यांदा पडलास तवा हसू आलं. दुसऱ्यांदा त्याच्याहून जास्त आलं. तिसऱ्यांदा पडलास तवा तू हसवत नव्हतास, भीक मागत व्हतास."

 त्या रात्री भुजंगा दोनदाच पडला, आणि तिसऱ्यांदा पडणार असं वाटायला लावून नुसता उभा राहिला. माणसं उठून हसली. तेव्हापासून दर जत्रेला पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी भुजंगा अजमतच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "बोल."

मग अजमत बोलायचा. कुठं श्वास अर्धा कमी पडला, कुठं सरदाराचं वाक्य पुरतं उतरायच्या आत याचं उत्तर आलं, कुठली कोटी कुठल्या गावी चालेल आणि इथं का चालली न्हाई. भुजंगा मान हलवत ऐके आणि रात्री तसं करून दाखवी. अजमत दुसऱ्या रात्रीही आपल्या ठरलेल्या जागी, बत्तीच्या खांबाला टेकून बसलेला असे. त्यानं सांगितलेल्या जागी हजारभर माणूस हसायचं तेव्हा आपण काही केलंय हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसायचं. त्याला तेवढं पुरत होतं.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. रझाकार गावात यायचे तेव्हा अजमतही इतरांसारखाच दार लावून बसायचा. आता दार लावून बसायचं कारण बदललं. बाहेरगावची माणसं टोळ्यांनी फिरू लागली होती आणि नाव विचारू लागली होती. अजमत तेव्हा तीन दिवस गावात दिसला नाही. चौथ्या दिवशी तो ओट्यावर बसलेला होता. कुणी विचारलं तर म्हणे, बदनापूरला बहिणीकडं गेल्तो. लोकांनी ते मानलं किंवा मानल्यासारखं केलं. दिवसच असे होते की कुणी कुणाला दोनदा विचारत नव्हतं.

खरी गोष्ट चौघांना माहीत होती. अजमत, हसीना, शेजारचा पुंजाराम कुंभार आणि त्याची बायको दुर्गाबाई.

ती पाचव्याला कळली ती सहा वर्षांनी, चोपन्नच्या जत्रेनंतर. भुजंगाला जत्रेतच हिवताप भरला. फड पुढच्या गावाला गेला आणि हा मागं राहिला, अजमतच्या पडवीत. आठ दिवस हसीनानं त्याला कण्या आणि ताकावर सांभाळलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. सातव्या दिवशी ताप उतरला. दुपारची वेळ होती, अजमत कापूस निवडत होता, भुजंगा भिंतीला टेकून पडला होता. बोलता बोलता भुजंगा म्हणाला, "अजमतभाई, तू आठ-दहा वर्षं मला सांगून राह्यला. तू कधी कुणाला हसवलंस का?"

अजमतनं कापसातली एक काडी काढून टाकली. मग म्हणाला, "एकदा. पेवात बसून."

आणि त्यानं सांगितलं. हसीनानंच त्याला हाताला धरून पुंजारामच्या परसात ढकललं होतं. पुंजारामनं आपलं जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं, त्याला आत उतरवलं आणि वर शिळा सरकवून फटीपुरती जागा ठेवली. हसीनाला दुर्गाबाईनं आपलं लुगडं नेसवून, कपाळाला कुंकू लावून जात्यावर बसवलं. आत काळोख, ज्वारीचा कुबट वास, पायाशी ओल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर पावलं वाजली. दोन माणसं. "पेवात काय हाये?" पुंजाराम म्हणाला, "काई न्हाई, पावसाचं पाणी उतरलंय, बेडकं झाल्यात नुसती." एक जण म्हणाला, "आवाज तर येईना बेडकाचा." आणि मग आत बसलेला अजमत ओरडला. ड्राँव. वरची माणसं हसली. तो पुन्हा ओरडला. माणसं निघून गेली, अंधार पडला, पुंजारामनं शिळेवर टकटक करून सांगितलं की गेली म्हणून, तरी त्याचं ओरडणं थांबेना. घसा सुजेपर्यंत तो बेडकासारखा ओरडत राहिला.

"थांबावं असं मला वाटून राह्यलं व्हतं, पण तोंड ऐकंना," अजमत म्हणाला. "चांगला दीड मणाचा माणूस मी, अन्..."

भुजंगा आधी हसला होता. मग त्यानं डोळे पुसले आणि अजमतचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "हे माझ्या पोटात राहील. बिलकुल भिऊ नको."

अजमतला हलकं वाटलं. त्यानं हसीनाला सांगितलंसुद्धा की आज मी सगळं बोललो. हसीना चुलीपुढं होती. ती म्हणाली, "का?" 

पंचावन्नच्या जत्रेला फड आला तेव्हा भुजंगाचं नाव बरंच झालं होतं. अजमत खांबाला टेकून बसला. गण झाला, गवळण झाली. मग भुजंगा आला तो खांद्यावर पिंजण घेऊन.

अजमतची छाती फुगली. पिंजाऱ्याचं सोंग! आजवर सोंगाड्यांनी न्हावी केले, तेली केले, पिंजारी कुणी केला नव्हता. भुजंगानं चालही बरोबर उचलली होती, उजवा खांदा जरा खाली. मधेच त्यानं भुवईवरचा कापूस मनगटानं पुसला आणि आजूबाजूची चार-पाच माणसं अजमतकडं वळून हसली. अजमतही हसला. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

मग सरदार म्हणाला, "पळ लेका, माणसं आली!" आणि भुजंगानं इकडं तिकडं बघून, लुगड्यानं झाकलेल्या एका खोक्यात उडी मारली.

अजमतचं हसू तोंडावरच राहिलं.

सरदारानं खोक्यावर काठी आपटली. "आत कोण हाये?"

सगळीकडं शांत. भुजंगाचं नुसतं डोकं बाहेर. त्यानं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मग तो अगदी अदबीनं म्हणाला, "बेडूक."

"बेडूक बोलतो व्हय रं?"

"चुकलं जी." जरा थांबून, "ड्राँव."

माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. टोप्या उडाल्या. आणि अजमतलाही हसू फुटलं, हे त्याला पुढं कितीतरी दिवस स्वतःला माफ करता आलं नाही. 'बेडूक' हा जबाब अजमतच्या गोष्टीत नव्हता, तो भुजंगाचा होता. आणि तो इतका नेमका पडला होता, त्याच्या आधीची शांतता अशी तोलून धरली होती, की अजमतच्या आतला जुना रसिक आपसूक म्हणाला, वा! आणि त्याच क्षणी पेवातला तो कुबट वास त्याच्या नाकात आला.

भुजंगा ओरडतच राहिला. सरदार म्हणाला, "गेली रे माणसं, आता गप." तरी हा ओरडतोच. मग सरदारानं विचारलं, "अरे पण तुझी बायकू कुठाय?"

"ती वर हाये जी. तिला दारात उभी करून आलोय. कुणी आलंच तर सांगायला, मालक घरी न्हाईत म्हणून!"

इथं हसू आलं, पण मघासारखं नाही. मागच्या बाजूचे म्हातारे जरा चुळबुळले. पुंजाराम कुंभार तिसऱ्या रांगेत होता. तो उठला, धोतर झटकलं आणि कुणाकडं न बघता निघून गेला. अजमतला उठता येईना. बत्ती त्याच्या अगदी डोक्यावर होती आणि आता पुष्कळ माणसं वळून वळून बघत होती. अठ्ठेचाळीसच्या भादव्यात हा तीन दिवस कुठं होता ते ज्याला त्याला आठवत होतं.

सकाळी भुजंगा नेहमीसारखा ओट्यावर येऊन बसला. पान जमवत म्हणाला, "बोल."

अजमतनं पिंजण खाली ठेवली. रात्रभर त्यानं काय काय बोलायचं ठरवलं होतं. पण समोर हा असा गुडघे पोटाशी घेऊन शाळेतल्या पोरासारखा उत्सुक बसलेला, आणि त्यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडातून निघेना.

"चांगलं उतरलं," तो म्हणाला. "इतकं चांगलं तू आजवर केलं न्हाई."

भुजंगाचा चेहरा उजळला. "मला व्हतंच वाटत! ती 'बेडूक'ची जागा..."

"भुजंगा, ते माझं व्हतं."

"तुझं नाव घेतलं का मी?"

"माझी चाल घेतली. माझा कापूस पुसायचा हात घेतला. नावाला आता ऱ्हायलं काय?"

भुजंगा पान तसंच हातात धरून बसला. मग जरा चढ्या आवाजात म्हणाला, "अजमतभाई, तूच म्हणायचास ना, पोटातलं असलं की उतरतं, उसनं आणलेलं उतरत न्हाई? मंग मी आणू कुठून? माझ्या पोटात काय हाये? लोक हसले, त्यात वाईट काय झालं? ज्या गोष्टीला तू घाबरलास तिच्यावर गाव हसलं. संपलं न्हाई का ते?"

"माझं संपलं न्हाई."

"मंग काय करू म्हणतोस?"

"आज रात्री करू नको. अन् हसीनाला मी दारात उभी केली न्हवती. तिनं मला ढकललं व्हतं. आठ दिवस तिच्या हातचं खाल्लंस तू."

भुजंगानं मान खाली घातली. "न्हाई करणार. बिलकुल न्हाई. गळ्याची आन."

त्या रात्री अजमत गेला नाही. तो आणि हसीना अंगणात बाज टाकून बसले. गावाबाहेरच्या माळावरून ढोलकी ऐकू येत होती. गवळण संपली हे त्याला कळलं. मग बतावणीचे शब्द ऐकू येत नव्हते, नुसता हसण्याचा भडका यायचा आणि विझायचा. अजमत मनात मोजत होता. हे सरदाराचं, हे ह्याचं. त्याला वाटलं, दुसरं काहीतरी करून राह्यला, जुनी हवालदाराची नक्कल असंल. मग माळ एकदम गप्प झाला. ती शांतता त्याच्या ओळखीची होती. ती कुठं सुरू होते आणि किती वेळ टिकते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि मग हजार माणसांचं हसू वावटळीसारखं गावावर आलं. कालच्याहून मोठं.

हसीना उठून आत गेली. तिनं दार लावलं नाही. आतून नुसता माठावरचं झाकण ठेवल्याचा आवाज आला.

फड सकाळी अंधारातच उठून गेला. भुजंगा भेटायला आला नाही.

पण अजमतला भोगायचं होतं ते वेगळंच होतं. उन्हं वर आल्यावर तो पुंजारामच्या परसात गेला. पुंजाराम चाकावर बसला होता. त्यानं चाक थांबवलं नाही.

"पुंजा, मला ठाऊक नव्हतं तो असं करंल."

"मला तुझं ठाऊक नव्हतं," पुंजाराम म्हणाला. "ती दोन माणसं कोण व्हती, आठवतंय का? एक माझ्या मेव्हण्याचा चुलता व्हता. सात वर्षं मी सोयऱ्याधायऱ्यांत तोंड उघडलं न्हाई. दुर्गीनं तिच्या आईला सांगितलं न्हाई. अन् तू ते एका फडाच्या माणसाला देऊन टाकलंस. ते तुझं एकट्याचं व्हतं व्हय?"

अजमत उभा राहिला. चाकावरचं मडकं वर आलं, तोंड धरलं, पुंजारामनं ते दोऱ्यानं कापून बाजूला ठेवलं आणि दुसरा गोळा घेतला. अजमत परत आला. भुजंगानं जे केलं ते त्याला समजत होतं, त्याचा राग करता येत होता. पण पुंजारामचं बोलणं ऐकून आल्यावर तो राग नीट धरताही येईना. आपल्याला दगा दिला म्हणावं तर आपणही कुणाला तरी तेच दिलं होतं.

पुढचं वर्ष बेडकाचं गेलं. पोरं गल्लीतून पळताना ओरडायची. ती पोरंच, त्यांना काय कळतं, असं हसीना म्हणायची. पण बाजाराच्या दिवशी मोठी माणसंही ओट्यापाशी थांबून एकमेकांना कोपरानं ढोसायची. परगावी गेला तरी सुटका नव्हती. घनसावंगीच्या बाजूला एका घरी गादी पिंजायला बसला तेव्हा घरधनी म्हणाला, "तुमच्या पिंपळगावच्या पिंजाऱ्याची बतावणी पाह्यली का हो? लई भारी." अजमत म्हणाला, "न्हाई पाह्यली." आणि खाली बघून पिंजणीच्या ताणलेल्या तातेवर हात चालवत राहिला. भुजंगा आता तीच बतावणी प्रत्येक गावी करत होता.

लोक तमाशाचं विचारायला ओट्यावर येईनासे झाले, कारण तो काही सांगत नसे. पुंजारामशी बोलणं बंदच होतं. माघात पुंजारामच्या मुलीचं लग्न ठरलं. दुर्गाबाई एक दिवस स्वतः आली. हसीनाच्या जवळ बसून म्हणाली, "पोरीच्या रुखवताची गादी दुसऱ्याकडून करून घेऊ का? गावात पिंजारी एक हाये." अजमतनं ती गादी चार दिवस लावून केली. न्यायला पुंजाराम आला. त्यानं गादीवर हात दाबून बघितला, म्हणाला, "बराबर झालीय," आणि डोक्यावर घेऊन गेला. एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून जाता-येता तो ओट्याकडं बघून मान हलवू लागला.

छप्पन्नच्या चैत्रात फड पुन्हा आला. अजमतचा बदनापूरला जायचा बेत होता, पण हसीना म्हणाली, "आपण का जायचं?" म्हणून तो राहिला. तमाशाला गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कापूस पिंजत बसला असताना ओट्यावर सावली पडली. भुजंगा होता. अंगात नवा रेशमी सदरा, बोटात अंगठी. तो नेहमीच्या जागी टेकला. अंगठी फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी त्या रात्री करणार नव्हतो. मालक म्हणले, माणसं त्याच्यासाठीच आल्यात."

अजमत पिंजत राहिला.

"ती माझी भाकरी झालीय आता, अजमतभाई. राजूरला दोनदा करायला लावली." तो जरा पुढं सरकला आणि त्याचा आवाज बदलला. हा आवाज अजमतला चांगला ओळखीचा होता. "पण एक सांग. बेडकापर्यंत माणसं वेडी व्हतात. मंग पुढं, ते बायकूचं येतं ना, तिथं हसू पडतं. दरेक गावी पडतं. मी श्वास बदलून पाह्यला, सरदाराला मागं उभा करून पाह्यला. काई केल्या उठत न्हाई. दुसरं कुणी सांगंना मला. का पडतं?"

अजमतचा हात थांबला. त्याला माहीत होतं. पहिल्याच रात्री खांबाला टेकून बसला असतानाच माहीत झालं होतं. भिऊन बेडूक झालेला माणूस लोकांना आपला वाटतो, त्याच्यावर ते जीव लावून हसतात. बायकोला दारात उभी करणारा आपला वाटत नाही. ते एक वाक्य काढून टाकलं, बायकोनंच त्याला ढकलून खोक्यात घातला असं केलं, तर माळ पुन्हा पेटेल. दोन शब्दांचं काम होतं. ते त्याच्या जिभेवर आलं होतं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं जीभ हलायलाही लागली होती.

दाराच्या आत हसीना उभी होती. तिचा पदर दिसत होता.

"मला काय ठाऊक," अजमत म्हणाला. "मी तमाशा बघत न्हाई."

भुजंगा बसून राहिला. त्याला ते खरं वाटलं नसावं. कारण त्यानं आणखी एकदा, अगदी हळू आवाजात म्हटलं, "बोल की."

अजमतनं पिंजण उचलली आणि तातेवर लाकडी मूठ मारली. कापूस उडाला, ओटाभर झाला, भुजंगाच्या नव्या सदऱ्यावर बसला. तो एक एक तंतू वेचत जरा वेळ थांबला, मग उठून माळाच्या बाजूला निघून गेला. त्या रात्रीही त्यानं ती बतावणी केली म्हणतात, आणि बायकोचं ते वाक्यही तसंच ठेवलं.